'दरडोई' की 'माणशी', आणि डोकी मोजायची कुणाची?

प्रश्न असा आलाय की 'न्यूझीलंडचा माणूस शेतीतून भारतीय माणसापेक्षा वीसपट हरितगृह वायू सोडतो' हे वाक्य बरोबर आहे का (हरितगृह वायू म्हणजे हवा तापवणारे कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे), आणि पर कॅपिटाला दरडोई, माणशी, प्रतिव्यक्ती यातलं काय लिहायचं.

आधी सोपं. दरडोई हा मस्त शब्द आहे. दरसाल, दरमहामधला फारसी 'दर' आणि आपली 'डोई'. लॅटिन कॅपिटा म्हणजेही डोकीच, त्यामुळे जोडी छान जमलीय. प्रतिव्यक्ती चूक नाही, पण सरकारी पत्रातला वाटतो.

माणशीचं मात्र वेगळं आहे. 'माणशी एक वही' म्हटलं की प्रत्येकाच्या हातात खरंच एक वही पडलेली असते. दरडोईत कुणाच्या हातात काही पडत नाही, नुसता भागाकार असतो, म्हणून दरडोई उत्पन्न वाढलं तरी आपला खिसा आहे तसाच. आता हा फरक तुमच्या वाक्याला लावून बघा. न्यूझीलंडच्या एकूण उत्सर्जनातलं निम्म्याच्या आसपास शेतीतून येतं, लोकसंख्या जेमतेम 50 लाखांच्या वर, भागाकार केला की दरडोई वर्षाला साधारण 8 टन (म्हणजे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणून, एक टन मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात 28 टन कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो असं धरून वगैरे). भारताचं असंच काढलं तर 0.3-0.4 टनाच्या घरात. म्हणजे वीसपट हा आकडा ठीकच आहे, पण तिथलं बहुतेक दूध परदेशी जातं, पिणारी डोकी एका देशात आणि ज्यांनी भागायचं ती डोकी दुसऱ्या देशात, मग तिथला 'माणूस सोडतो' कसं म्हणणार? म्हणून माझं मत, जिथं पिकलं तिथल्या हिशोबाला दरडोई, आणि जिथं खाल्लं तिथल्या हिशोबाला 'माणशी खपामागे'. हा काही कोशातला नियम नाही, मी आपला पाळतो.

दुसरी गोची 'शेती' आणि 'अन्न' एकमेकांच्या जागी वापरण्याची. देशांच्या अधिकृत हिशोबात शेतीखाली गुरं, शेणखत, भाताची खाचरं, जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड हे येतं. ट्रॅक्टरचं डिझेल ऊर्जेत, खताचा कारखाना उद्योगात, जंगलतोड तिसऱ्याच खान्यात. त्यामुळे ब्राझीलमधे कुरणासाठी जंगल तोडलं तर ते 'शेती'त दिसतच नाही. हे सगळं आणि वर वाहतूक, पॅकिंग, फ्रीज, कचरा धरला की 'अन्नव्यवस्था' होते, आणि 2015 साठीचा एक अंदाज जगाच्या उत्सर्जनाचा तिसरा हिस्सा म्हणतो, 18 अब्ज टन, दरडोई अडीच टनाच्या जरा खाली. एका देशाची शेती आणि दुसऱ्याचं अन्न शेजारी ठेवून तुलना केलेली मी बघितलीय, तिथे शब्दच गंडलेला असतो, आकडे बिचारे काय करतील.

'उत्सर्जन' पण जपून हां. शाळेत उत्सर्जन संस्था शिकलेला माणूस 'गुरांचं उत्सर्जन' वाचून थेट शेणमुताकडे जातो, पण गुरांचा मिथेन मुख्यतः रवंथ करताना तोंडावाटे ढेकरेतून येतो, शेणातून त्यामानाने कमी. तिथे सरळ 'गुरांच्या ढेकरेतला मिथेन' लिहा, कुणी हसलं तर हसू दे. तसंच 'शेतीतले हरितगृह वायू' वाचून एकाने मला विचारलं होतं की पॉलिहाऊसमधून गॅस निघतो का! त्याची चूक नाही, हरितगृह म्हटलं की शेतीवाल्याला तेच आठवणार.

तर वाक्य असं करा: 'न्यूझीलंडमधल्या शेतीचं दरडोई उत्सर्जन भारतातल्यापेक्षा वीसपट आहे'. कर्ता शेती झाली की माणूस सुटला. आणि 'प्रति दरडोई' नको प्लीज, ते पिवळं पीतांबर झालं.