तालमूदमधली गोष्ट एकटी वाचू नका

तुमचा प्रश्न असा की पिर्के अवोत (ज्यू धर्मपंडितांच्या, म्हणजे रब्बींच्या, वचनांचा छोटा संग्रह) वाचलं, छान वाटलं, पण शेवटी सगळं कॅलेंडरवरच्या सुविचारासारखं वाटतंय, मग लोक या रब्बींमध्ये आयुष्यभर रमतात ते नेमकं कशात, आणि खोल अर्थ हवा तर गेमात्रिया (अक्षरांच्या आकड्यांवरून अर्थ काढणं) शिकायची की थेट कब्बालाकडे, म्हणजे ज्यू गूढविद्येकडे, जायचं. माझं मत विचाराल तर दोन्ही नको, निदान आत्ता तरी. तालमूदमध्ये दोन थर असतात, मिश्ना म्हणजे जुने थोडक्यात सांगितलेले नियम आणि गेमारा म्हणजे त्यावरची नंतरच्या रब्बींची चर्चा. आधी गेमारा उघडा आणि एक सवय लावून घ्या, कुठलीही गोष्ट भेटली की तिच्या आधीचं पान काय म्हणतंय आणि नंतरचं काय म्हणतंय ते बघायचं. रब्बींचं खोल बोलणं वाक्यात कमी आणि त्याच्या शेजारीपाजारी जास्त असतं.

उदाहरण घेऊ. अखनाईच्या भट्टीची गोष्ट तुम्ही ऐकली असणारच, इंटरनेटवर सगळीकडे फिरते. एक भट्टी आडवी कापून मध्ये वाळू भरून परत रचलेली, तर ती विटाळ धरते का नाही यावर वाद. रब्बी एलिएझर म्हणतात नाही धरत, बाकी सगळे म्हणतात धरते. एलिएझर चिडून चमत्कारच करायला लागतात, झाड उपटून लांब जातं, पाण्याचा पाट उलटा वाहतो, अभ्यासघराच्या भिंती झुकतात, शेवटी आकाशवाणी पण त्यांच्याच बाजूने होते. तर रब्बी येहोशुआ उठून म्हणतात, तोरा (देवाने दिलेलं धर्मशास्त्र) आता स्वर्गात नाहीये, म्हणजे निर्णय बहुमताने होणार. आणि मग देव हसला म्हणे, माझ्या लेकरांनी मला हरवलं. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि ‘बघा किती लोकशाहीवादी धर्म’ असं लिहून मोकळे होतात.

पण गोष्ट तिथे संपतच नाही! पुढे त्याच विद्वानांनी एलिएझरना बहिष्कृत केलं. हे त्यांना सांगायला रब्बी अकीवा काळे कपडे घालून गेले आणि चार हात लांब बसले, कारण दुसरा कोणी वेडंवाकडं बोलून जगाचं वाटोळं करेल ही भीती. एलिएझर रडले आणि जगातल्या ऑलिव्हचा, गव्हाचा, जवाचा एकेक तृतीयांश करपला. त्यांची बायको इमा शालोम, ती बहिष्कार घालणाऱ्या मंडळींचे प्रमुख रब्बान गमलिएल यांची सख्खी बहीण, त्या दिवसापासून नवऱ्याला प्रार्थनेत पालथं पडून मन मोकळं करूच देत नव्हती. एक दिवस तिचं लक्ष चुकलं, येऊन बघते तर नवरा पालथा पडलेला, म्हणाली उठा, माझ्या भावाला मारलंत तुम्ही. आणि खरंच गमलिएल गेल्याची बातमी आली. तुला कसं कळलं विचारल्यावर ती म्हणते, माझ्या आजोबांच्या घरचं वचन आहे, सगळे दरवाजे बंद होतात, दुखावलेल्या माणसाच्या हाकेचा दरवाजा कधी बंद होत नाही.

आता ही गोष्ट आहे कुठे? तालमूदमधल्या बावा मेत्सिया नावाच्या ग्रंथात, 59 ब, म्हणजे 59व्या पानाच्या मागच्या बाजूला. हा सगळा ग्रंथ सापडलेल्या वस्तू, मजुरी, भाडं, उधारी असल्या व्यवहारांचा. चौथ्या अध्यायात आधी हिशोब चाललाय की बाजारभावाच्या एक षष्ठांश जास्त घेतले तर ते गिऱ्हाइकाला नाडणं धरायचं. मग 58 ब वर मिश्ना म्हणते, जसं खरेदी-विक्रीत नाडणं असतं तसं बोलण्यातही असतं. घ्यायचं नसेल तर उगाच भाव विचारू नका. वाईट मार्ग सोडून आलेल्या माणसाला तुझी आधीची कामं आठव म्हणू नका. त्यावर गेमारा म्हणते की पैशात नाडलं तर परत करता येतं, शब्दाने नाडलं त्याची भरपाई नाही. चारचौघात कोणाला लाजवणं म्हणजे रक्त सांडणं, चेहऱ्यावरची लाली जाऊन पांढरा पडतो ना. या सगळ्याच्या पाठोपाठ भट्टीची गोष्ट येते! म्हणजे ज्याने कोणी ती तिथे बसवली त्याच्या डोक्यात बहुमत कमी आणि इमा शालोम जास्त होती असं मला तरी वाटतं. येहोशुआ बरोबरच होते, निर्णय तसाच राहिला, पण बरोबर असूनही त्या मंडळींनी एका माणसाला शब्दाने नाडलं.

अजून पुढे जा, 84 अ. रेश लाकीश हा आधी दरोडेखोर. रब्बी योहानान यार्देन नदीत अंघोळ करत असताना त्याने पाण्यात उडी घेतली, योहानाननी त्याला तोरेकडे वळवलं, आपली बहीण दिली, जोडीदार केलं. मग एक दिवस अभ्यासघरात वाद, तलवार-सुरी पूर्ण तयार झाली असं कधी म्हणायचं. योहानान म्हणतात भट्टीत तापवल्यावर, रेश लाकीश म्हणतो पाण्यात घातल्यावर (पाण्यातूनच आलेला माणूस तो, हे माझं वाचन, पटलं तर घ्या). योहानान फटकन बोलतात, दरोडेखोराला आपली हत्यारं माहीतच असणार. संपलं. तो आजारी पडला, बहीण पाया पडली, योहानान हलले नाहीत, तो गेला.

मिश्नेत जे बोलू नका म्हटलं होतं तेच वाक्य झालं की नाही हे? आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, अंगावर काटा येतो, शब्दाने नाडणं हे पैशाने नाडण्यापेक्षा वाईट हे 58 ब वर सांगतं कोण तर हेच योहानान, त्यांच्या आधीच्या शिमोन बर योहाई या रब्बींच्या नावाने! पानावर कुठेही ‘बघा हं, मागे काय म्हटलं होतं’ अशी खूण नाही. तुम्ही दोन्ही पानं डोक्यात ठेवून वाचलीत तरच दिसतं.

नंतर योहानानचं मन रमवायला एलाझार बेन पेदात नावाच्या हुशार माणसाला पाठवलं, तर तो प्रत्येक बोलण्यावर म्हणे, तुमच्या मताला आधार आहे. योहानान वैतागले, लाकीशचा पोरगा (म्हणजे रेश लाकीशच) माझ्या एका वाक्यावर चोवीस हरकती काढायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विषय वाढायचा, मी बरोबर बोलतो हे मला माहीत नाही का? कपडे फाडत त्याला हाका मारत फिरले आणि शेवटी भ्रमिष्ट झाले. जोडीने अभ्यास करायची जी हाव्रुता पद्धत आहे तिच्याबद्दल मला याच्याइतकं खरं कुठेच मिळालं नाही. तेव्हा एकटे वाचू नका, होला हो न म्हणणारा कोणीतरी शोधा, व्हिडिओ कॉलवर असला तरी चालेल.

रोज एक पान वाचायचा दाफ योमीचा उपक्रम आहे, 1923 साली सुरू झालेला, 2711 पानं, साडेसात वर्षं लागतात. शिस्त म्हणून उत्तम पण तुम्हाला जे हवंय त्यासाठी तो वेग फार होतो, मी तरी आत्ता सुचवणार नाही. आणि तालमूद नाही वाचलं तर ज्यू धर्म कळलाच नाही असंही मनावर घेऊ नका, आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तालमूद हाताशी नसताना शब्बाथ (शनिवारचा विसावा) आणि सुंता सांभाळली, गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे ते शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणूनच.

सेफारिया या वेबसाइटवर स्टाइनझाल्ट्झ यांचं इंग्रजी भाषांतर फुकट आहे, त्यात ठळक अक्षरं मूळ वाक्याची आणि साधी अक्षरं समजावून सांगणारी, हा फरक लक्षात ठेवा नाहीतर दोन्ही एकच वाटतं. 58 ब च्या मिश्नेपासून 59 ब संपेपर्यंत हळूहळू वाचा, अडलं तिथे राशी नावाच्या टीकाकाराची टीप बघा, अकराव्या शतकातला माणूस आहे पण नेमकं तुम्हाला अडलेल्या शब्दावरच बोलतो. मग 84 अ. गेमात्रियाचं नंतर बघू, आणि वाचताना एलिएझरचं बरोबर होतं असं वाटलं तर इथे लिहा, मला त्यावर भांडायचंय.