वडिलांच्या पेटीत १९८० च्या सुमाराचे न जोडलेले ट्रान्झिस्टर रेडिओचे किट सापडले आहे. त्यातील भागांची यादी सोबत देत आहे. ते आज जोडले तर वाजेल का?

वाजेल, आणि ते भंगारात न टाकता आपण विचारणा केलीत याचा मला मनापासून आनंद झाला. मी सांगलीचा. १९८१ साली, नववीत असताना, असेच मीडियम वेव्हचे किट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून व्ही. पी. ने (पोस्टात पैसे भरून सोडवायच्या पार्सलने) मागवून मी विश्रामबागेतील घरी जोडले होते, म्हणून त्या अनुभवावरून सांगतो.

आपण दिलेल्या यादीत तीन एएफ ११७ आणि एसी १२७-एसी १२८ ची जोडी आहे, म्हणजे हे आजच्या सिलिकॉनऐवजी जर्मेनियम या धातुसदृश पदार्थाचे जुने ट्रान्झिस्टर आहेत. सिलिकॉनच्या मानाने त्यांना उष्णता फारच कमी सोसते. त्यामुळे पाय आखूड कापू नयेत, आणि डाख देताना सोल्डरिंग आयर्न व ट्रान्झिस्टर यांच्या मधोमध पाय चिमट्याने धरून ठेवावा, म्हणजे उष्णता चिमट्यात उतरते. यातील एएफ ११७ आणि एसी १२८ पीएनपी जातीचे (ज्यांना ऋण पुरवठा लागतो असे) असल्याने अशा अनेक सेटांत बॅटरीचे धन टोक अर्थला, म्हणजे सर्किटच्या सामाईक तारेला, असते. आजच्या सवयीने ऋण टोक अर्थला जोडाल तर घात होईल, तेव्हा किटसोबतचा सर्किटचा कागद आधी नीट वाचावा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर इतक्या वर्षांत वाळलेले असणार. ते सरळ नवे घ्यावेत.

एएफ ११७ बद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. या ट्रान्झिस्टरला चार पाय असतात आणि चौथा पाय बाहेरच्या धातूच्या टोपणाला जोडलेला असतो. वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तरी टोपणाच्या आतून कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतील एखाद्या पायाला टेकून शॉर्ट करतात. मल्टिमीटरने चौथा पाय आणि उरलेले तीन पाय यांच्यात वहन आहे का ते तपासावे. आढळल्यास ट्रान्झिस्टर टाकू नये. बहुतेक वेळा चौथा पाय तेवढा कापला किंवा जोडलाच नाही की तो पुन्हा कामाला येतो.

जोडणी मात्र स्पीकरकडून सुरू करून मागे मागे यावी. गणपती पेठेतील एका वयस्क रेडिओ कारागिराने मला हे शिकवले आणि त्याहून चांगली रीत मला आजवर सापडलेली नाही. आधी आउटपुटची, म्हणजे स्पीकर चालवणारी एसी १२७-एसी १२८ ची जोडी आणि तिच्या अलीकडचा टप्पा पूर्ण करून सेल लावावेत आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला पेचकसाचे पाते टेकवून दांड्याच्या धातूला बोट लावावे. स्पीकरमधून घुर्र असा आवाज आला की तेवढा भाग बरोबर आहे. एसी १२८ हाताला गरम लागू लागला तर तत्काळ सेल काढावेत.

त्यानंतर आयएफचे टप्पे (स्टेशनचा संकेत ४५५ किलोहर्ट्झवर आणून वाढवणारे) आणि शेवटी गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर), फेराइट रॉड (आतील एरियलची काळी कांडी) व लाल गाभ्याची ऑसिलेटर कॉइल. ऑसिलेटर म्हणजे रेडिओच्या आतच लहर निर्माण करणारा भाग. ऑसिलेटर चालतो की नाही हे पाहायला दुसरा रेडिओ पुरतो. आमच्या घरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर लावून मी माझे किट शेजारी ठेवले आणि त्याचा गँग हळूहळू फिरवू लागलो. काटा ८०० च्या जरा अलीकडे आला तशी चालू कार्यक्रमावर बारीक शिटी उमटली, खाली उतरत गेली, नाहीशी झाली आणि पुन्हा चढली. किटचा ऑसिलेटर लावलेल्या स्टेशनपेक्षा ४५५ किलोहर्ट्झने अधिक वारंवारतेवर चालतो, आणि ७९६ मध्ये ४५५ मिळवले की १२५१ होतात, म्हणजे त्याची लहर सांगली केंद्राच्या लहरीवर येऊन पडली होती. त्या वेळी माझ्या किटमधून एकही स्टेशन ऐकू येत नव्हते, तरीही आता ते वाजणारच याची खात्री मला त्या शिटीने दिली. आपल्याकडे मीडियम वेव्हवर १००० किलोहर्ट्झच्या वरचे जे स्टेशन स्पष्ट येत असेल, त्यावर हाच प्रयोग करावा.

एक चूक माझ्या हातून झाली, ती आपण टाळावी. आवाज लहान येतो म्हणून मी पिवळ्या, पांढऱ्या आणि काळ्या आयएफटीचे (आयएफ टप्प्यांतील लहान ट्रान्सफॉर्मरांचे) गाभे लोखंडी पेचकसाने एकामागून एक फिरवले. त्यात एकाचा गाभा तडकला आणि नवी आयएफटी मिळेपर्यंत सेट तीन आठवडे मुका राहिला. कारखान्यातून हे गाभे साधारण जुळवूनच येत, त्यामुळे एखादे स्टेशन लागेपर्यंत त्यांना हात लावू नये. मग बांबूची काडी पेचकसासारखी तासून एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवावे. डायलच्या खालच्या टोकाची स्टेशने लाल गाभ्याने आणि वरच्या टोकाची गँगवरील ट्रिमरने (जुळवणीच्या लहान कंडेन्सरने) जागेवर आणावीत. सर्वांत शेवटी खालच्या टोकाचे एखादे मंद स्टेशन लावून फेराइट रॉडवरील कॉइल पुढेमागे सरकवावी आणि जिथे आवाज सर्वांत मोठा येईल तिथे मेणाचे दोन थेंब टाकून ती पक्की करावी.