तुऱ्यावरून घाई नको, पाठीची पिसं बघा

ताई, तुमच्या खुडूक कोंबडीखाली निघालेली बारा गावरान पिल्लं आता दोन महिन्यांची झाली, त्यातल्या पाचांचे तुरे लाल दिसतात, म्हणून ते पाच नर आत्ताच विकावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, अजून महिनाभर एकही पिल्लू विकू नका.

उभा, करवतीसारखा तुरा असेल तर दीड-दोन महिन्यांत नराचा लाल नि जाड होतो, तलंगेचा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या मादीचा, फिकट राहतो, हे बरोबर. पण गावरान कळपात रक्त मिसळलेलं असतं. अशील या झुंजीच्या जातीचा अंश असला की तुरा बसका आणि बारीक, कडकनाथचा असला की काळपट. अशा पिल्लांत लाली शोधून नर हमखास सुटतात.

खरी खूण पाठीवर. तीन महिन्यांच्या आसपास शेपटीच्या मुळाशी नराला लांब, अरुंद, टोकदार आणि चकचकीत पिसं फुटतात, ती दोन्ही बाजूंना खाली ओघळतात. तलंगेची तिथली पिसं रुंद, गोल टोकाची. मानेवरही हाच फरक दिसतो, पण उघड्या मानेच्या पिल्लांत मान कामाची नाही, पाठच बघायची. पिल्लू उन्हात धरा आणि नवं आलेलं पीस बोटावर घेऊन पाहा. लहानपणीची पिसं दोघांचीही गोलच असतात. पायावरच्या काट्यावर जाऊ नका, त्याचा उंचवटा कोवळ्या वयात दोघांनाही असतो. (लांबट अंड्यातून नर निघतो म्हणतात, त्यातही तथ्य नाही. नर की मादी हे कोंबडीकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं, कवचाच्या आकारावर नाही.)

आता एकत्र ठेवण्याचं. एकत्र वाढलेल्या भावाभावांची झटापट फार मनावर घेऊ नका. रक्त निघत नसेल तर त्यांचं त्यांनाच ठरवू द्या. मला काळजी तलंगांची वाटते. नर त्यांच्या आधी वयात येतात आणि सातजणींमागे पाच नर लागले की त्या बिचाऱ्या खुराड्यात दडून बसतात, दाण्यालाही येत नाहीत. पाठीची आणि डोक्यामागची पिसं गेलेली दिसली की त्याच दिवशी नर वेगळे करा. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, म्हणजे तुमच्याकडे एकच. ठेवताना नुसतं वजन बघू नका. दाणा सापडला की स्वतः न खाता माद्यांना बोलावणारा, माणसाच्या अंगावर न येणारा नर निवडा. पुढे पिल्लं काढायची असतील तर मात्र यातला एकही नको, कारण सगळ्या त्याच्या बहिणी; दुसऱ्या गावातल्या कुणाशी नराची अदलाबदल करा. नुसती खायला अंडी हवी असतील तर नर नसला तरी कोंबड्या अंडी देतातच.

बाकीचे चार एकत्र ठेवा, पण माद्या नजरेला पडणार नाहीत अशा जागी. तिथे ते बहुधा शांत राहतात. त्यातला एखादा बरेच दिवस बाजूला काढून परत सोडला तर मात्र परक्यासारखी मारामारी होते.

खाद्याचंही बघा. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य वाढत्या पिल्लांना आणि नरांना नको. त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य द्या, आणि तलंगा अंड्यावर आल्या की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना लागतो त्या बरोबर खातात.