जुन्या ऑफिस पीसीत २० हजारात कुठलं ग्राफिक्स कार्ड टाकू, ३०५० का ६६००?

तू लिहिलंयस की रूमवर ऑफिसमधून निघालेला डेलचा टॉवर आहे, इंटेलचा आय५ ७५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, मॉनिटर १०८०पी, व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचंय आणि जमलं तर सायबरपंक, बजेट २० हजार. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० का एएमडीचं आरएक्स ६६००, एवढंच विचारलंस तर ६६०० भारी, त्यात वादच नाही. पण तू ३०५० घे, आणि तेही ६ जीबीवालं. यूट्यूबवर सगळे उलटं सांगतायत हे माहितीये मला, पण ते लोक कार्ड टेस्ट करतात, तुझं कॅबिनेट नाही.

आधी कॅबिनेटचं झाकण काढ आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यावरचं, स्टिकर वाच. या ऑफिसवाल्या टॉवरमध्ये बरेचदा २४० वॉटचाच असतो आणि ग्राफिक्स कार्डला द्यायची वेगळी ६ पिन किंवा ८ पिनची वायरच नसते त्याला. कार्ड ज्यात बसतं तो बोर्डावरचा पीसीआय स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, त्याच्या पुढे वीज लागली की वायर पाहिजे. ६६०० ला १३२ वॉट लागतात, म्हणजे ८ पिन आलीच, आणि एएमडी स्वतः ४५० वॉटचा एसएमपीएस सांगते. ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॉटमध्ये चालतं, स्लॉटमधूनच सगळं घेतं, वायरचा प्रश्नच नाही. बॉक्सवर ३०० वॉटचा एसएमपीएस लिहिलेला असेल, पण कार्ड ७० आणि प्रोसेसर ६५ धर, वर एसएसडी, पंखा, बोर्ड मिळून काय ते थोडंफार, २४० मध्ये बसतं. दुकानात कोणी म्हणालं की मोलेक्सवरून (जुनी ४ पिनची वायर) ८ पिनचा कन्व्हर्टर लाव आणि ६६०० चालव, तर नमस्कार करून बाहेर ये.

"मग एसएमपीएसच बदलतो ना" असं म्हणशील, तर मदरबोर्डाकडे बघ. नेहमीची २४ पिनची सॉकेट तिथे नाहीये, कंपनीची स्वतःची छोटी पिन आहे. साधा एसएमपीएस आणलास तर तो थेट लागणार नाही, वेगळी अडॅप्टर केबल शोधावी लागेल, कॅबिनेटमध्ये नेहमीच्या साइजचा डबा बसतो का ते बघावं लागेल, आणि एवढं करून २० हजारातले चार पैसे तिकडेच गेले.

आता दुसरी गोष्ट, आणि ही दुकानात जायच्या आधी नीट समजून घे, कारण इथेच जास्त लोक फसतात. ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. जानेवारी २०२२ ला आलं ते ८ जीबीचं, २५६० कोर, १२८ बिट, १३० वॉट. फेब्रुवारी २०२४ ला आलं ते ६ जीबीचं, २३०४ कोर, ९६ बिट, ७० वॉट. फरक नुसता मेमरीचा नाही, आकडेमोड करणारे कोर, मेमरीच्या रस्त्याची रुंदी (ती बिटमध्ये मोजतात), सगळंच कमी केलंय, पण बॉक्सवर नाव तेच. काउंटरवरचा माणूस म्हणतो "३०५० च आहे ना भाऊ, मेमरी थोडी इकडेतिकडे", आणि तुला तर मुद्दाम कमी वॉटचंच पाहिजे, चुकून ८ जीबीवालं जरा स्वस्तात दिसलं म्हणून उचललंस तर घरी आल्यावर परत तीच ८ पिनची बोंब. असले खेळ सगळ्याच कंपन्या करतात. आरएक्स ५८० च्या नावाने २०४८ एसपी असं बारीक अक्षरात लिहिलेलं कार्ड मिळतं, खऱ्या ५८० ला २३०४ असतात, २०४८ म्हणजे खरं तर ५७० च. जीटी १०३० चंही तसंच, हळू डीडीआर४ मेमरीवालं आणि जलद जीडीडीआर५ मेमरीवालं यात जमीन अस्मानाचा फरक.

स्पीडचं बोलायचं तर ६६०० हे ६ जीबीवाल्या ३०५० च्या साधारण दीडपट पळतं, आणि हे वाचून तुझा जीव तुटणार हे माहितीये. पण ते आकडे दणकट नवीन प्रोसेसरवरचे असतात. तुझ्या ७५०० ला चार कोर आणि चारच थ्रेड (म्हणजे एका वेळी चारच कामं), व्हॅलोरंट तर जवळपास सगळा प्रोसेसरवरच चालतो, तिथे दोन्ही कार्डांत तुला फारसा फरक दिसणार नाही. सायबरपंकमध्ये गर्दीच्या रस्त्यावर गेलास की प्रोसेसर १०० टक्के आणि कार्ड निवांत. उरलेल्या पैशात कुठे सेकंड हँड आय७ ७७०० मिळाला तर बघ, त्याच सॉकेटमध्ये बसतो, ६५ वॉटचाच आहे, थ्रेड आठ होतात. माझ्या मते त्याने तुझा गेम जास्त सुधारेल.

डीएलएसएस, म्हणजे गेम कमी रिझोल्युशनवर चालवून मोठा करून दाखवायची एनव्हिडियाची युक्ती, ३०५० वर चालते, पण फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवणं) नाही, त्याला ४० सिरीजपासून पुढचं लागतं. १०८०पी वर क्वालिटी मोड लावला तर आतून गेम ७२० वर चालतो आणि मग मोठा करून दाखवतो, सायबरपंकसारख्या गेमला ते उपयोगी पडेल, जीटीए ५ ला गरजच नाही.

बाकीची कार्डं पटकन. आरएक्स ६५०० एक्सटी नको, ४ जीबी, त्यात बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन, तुझा बोर्ड पीसीआय ३ चा असल्यामुळे अजून मार खाईल, वर व्हिडिओ रेकॉर्डिंगचा एन्कोडर पण नाही. इंटेल आर्क छान आहे पण त्याला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि इंटेल स्वतः दहाव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर सांगते, तुझ्या कामाचं नाही. १०५० टीआय, १०६० कोणी स्वस्तात देत असेल तर त्यांचे नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, आता फक्त सिक्युरिटीचे येतात. १६५० मात्र अजून चालू यादीत आहे, बजेट अगदीच कमी पडलं तर सेकंड हँडमध्ये ते, पण पॉवर कनेक्टर नसलेलं बघून.

सेकंड हँडची भीती लोक मायनिंगमुळे घालतात, म्हणजे क्रिप्टोकरन्सी कमवायला कार्डं रात्रंदिवस पळवायचे त्यामुळे. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ लाच बंद झालं, त्यामुळे त्या काळातली कार्डं आता म्हातारी झालीयेत, पंखे आणि थर्मल पेस्ट गेलेली असते. घ्यायचंच असेल तर समोर पीसीला लावून, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये कोर आणि बिट बघून, फरमार्क (कार्डावर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट) पंधरा मिनिटं चालवून घे. "घरी नेऊन बघ, नाही चालला तर फोन कर" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नको.

पुण्यात घ्यायला तापकीर गल्लीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या, बाजूला जा. गाडी नेऊ नको, पार्किंगमध्येच जीव जाईल, मेट्रोने मंडईला उतर आणि चालत ये. जाण्याआधी ऑनलाइन दर बघून ठेव, दोनतीन दुकानात विचार, आणि विचारताना "३०५० आहे का" असं नको, "३०५० सहा जीबी, पॉवर कनेक्टर नसलेलं" असं विचार. जीएसटीचं बिल घेच, बिल न घेता हजार कमी देतो म्हणतात पण मग वॉरंटीच्या वेळी दारोदार फिरायचं कोणी. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घे आणि बॉक्सवरच्याशी तिथेच जुळवून बघ. तुझा टॉवर बारका, एसएफएफवाला असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) म्हणून माग, ६ जीबीत तेही मिळतं, कॅबिनेटला लावायची छोटी पट्टी बॉक्समध्ये आहे ना बघून घे. एक पंखा का दोन पंखे यावर डोकं लावू नको, ७० वॉटच्या कार्डाला एक पुरतो, फक्त कॅबिनेट कॉटखाली कोंबून ठेवू नको, एप्रिलमध्ये पुण्यात काय होतं ते तुला माहितीच आहे.

आणि मॉनिटर पण ऑफिसवालाच असेल तर मागे बघ, नुसतं व्हीजीए असेल तर या नवीन कार्डांमधून व्हीजीए निघत नाही, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट. कन्व्हर्टर त्याच गल्लीत मिळेल, फक्त वायर बोर्डाच्या पोर्टला न लावता कार्डाच्या पोर्टला लाव.