ख्रिस्त वगळून ख्रिस्ताची शिकवण?

प्रश्न : मला येशूची शिकवण मनापासून पटते, चमत्कार, बाप्तिस्मा, चर्च हे पटत नाही. ख्रिस्ती धर्म निव्वळ तत्त्वज्ञान म्हणून घेता येईल का? वाचायला कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : तसा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८२० च्या सुमारास शुभवर्तमानांतले, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांतले, उतारे पात्यानं कापून वेगळ्या वहीत डकवले. चमत्कार गाळले, पुनरुत्थानही गाळलं. कबरीच्या तोंडाशी धोंड लोटली, तिथं त्यांची वही संपते.

पण अडचण शिकवणीतच आहे. त्या चारांपैकी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय उघडा. २१ व्या वचनापासून सहा वेळा एकच घडण येते : पूर्वी असं सांगितलं होतं, ‘मी तर तुम्हांला सांगतो’. सॉक्रेटिसचा युक्तिवाद सॉक्रेटिसला बाजूला ठेवूनही तपासता येतो. इथं सगळा भार सांगणाऱ्याच्या अधिकारावर आहे. तुमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांच्या अभंगांतून विठ्ठल काढून पाहा. भूतदया उरेल, पण हाक कुणाला मारलीय तेच कळणार नाही.

पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्यानं हे झाकून ठेवलं नाही. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, असं तो करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:१४) लिहितो. अथेन्सला एपिक्युरियन आणि स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथांच्या मंडळींनी त्याचं ऐकून घेतलं; मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय निघाला तेव्हा काहींनी थट्टा केली (प्रेषितांची कृत्ये, १७). तुमची शंका नेमकी त्याच जागी उभी आहे. आमचं मत स्पष्ट आहे : नीतिविचार म्हणून खुशाल घ्या, जगूनही पाहा, फक्त त्यालाच ख्रिस्ती धर्माचा गाभा म्हणू नका. मात्र दुसऱ्या शतकातला जस्टिन ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा घालत असे. त्याला ख्रिस्ती श्रद्धा हेच खरं तत्त्वज्ञान वाटे.

आता वाचनाचं. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करू नका. यज्ञविधी आणि नियमांचं तिसरं पुस्तक, लेवीय, आलं की पुष्कळ जण बायबल मिटतात. आधी मत्तय ५ ते ७, म्हणजे १११ वचनं, एका बैठकीत, मोठ्यानं वाचा. सुटं वचन उचललं की घोटाळा होतो. ‘दुसरा गाल पुढे करा’ हेच घ्या. मूळ वचनात (५:३९) ‘उजवा’ गाल आहे. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हातानं मारायचं, तर तळहात नाही, पंजाची मागची बाजू लागते. म्हणून अनेक अभ्यासक हा फटका इजेपेक्षा अपमानाचा मानतात. हे ध्यानात घेतलं की त्या वचनाला भ्याडपणा म्हणता येत नाही.

मग मार्कचं शुभवर्तमान, १६ अध्याय. शेवटच्या अध्यायात ८ व्या वचनाशी थांबा. सर्वांत जुन्या ग्रीक प्रती तिथंच संपतात. धोंड बाजूला सरलेली, कबर रिकामी, आणि स्त्रिया भीतीनं पळत सुटलेल्या. हा शेवट आणि जेफरसनच्या वहीचा शेवट शेजारी ठेवून वाचा.