रोमचा डिक्टेटर : त्याला हुकूमशहा म्हणावं का?

रोमन प्रजासत्ताकाची राज्यव्यवस्था अभ्यासणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. राजाला हाकलून दिल्याचा एवढा अभिमान बाळगणारे लोक संकट आलं की आपणहून 'हुकूमशहा' नेमतात, आणि काम झालं की तो निमूट घरी जातो, हे तिला पटेना. 'डिक्टेटर'साठी दुसरा मराठी शब्द हवा का, असं ती विचारते.

हवाच. अरबी 'हुक्म' आणि फारसी 'शाह' मिळून हुकूमशहा झाला, म्हणजे या शब्दात राजा ठाण मांडून बसला आहे. रोममध्ये तर एखाद्याला राजा व्हायचंय, एवढा नुसता आरोपसुद्धा त्याला आयुष्यातून उठवायला पुरे होता.

'डिक्टेटर' हा लॅटिनमधल्या बोलणे, सांगणे या अर्थाच्या धातूच्या कुळातला. हुकूम सांगतो तो डिक्टेटर, असा अर्थ सहज लागतो. व्हारो हा रोमन भाषापंडित मात्र म्हणतो की कॉन्सल, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, त्याचं नाव उच्चारतो, म्हणून तो डिक्टेटर. व्युत्पत्ती म्हणून हे ओढूनताणून आहे, पण नेमणुकीची रीत त्यातून नेमकी कळते. सिनेटच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सल्लागार सभेच्या, सांगण्यावरून दोघांपैकी एका कॉन्सलने रात्रीच्या वेळी, नीरव शांततेत हे नाव घ्यायचं. सहसा मतदान वगैरे नाहीच.

मुदत फार तर सहा महिने. कॉन्सलपुढे बारा दंडधारी चालत, याच्यापुढे चोवीस. आणि दर वेळी लढाईच असे असंही नाही. निवडणूक घ्यायला कॉन्सल शहरात नसले तरी डिक्टेटर नेमत. माझा आवडता इ.स.पू. ३६३ मधला आहे. रोगाची साथ हटावी म्हणून ज्युपिटरच्या देवळात विधिपूर्वक खिळा ठोकायला त्याला नेमला होता. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की खिळा ठोकून झाल्यावर हे गृहस्थ लढाईसाठी सैन्यभरती करायला लागले, तेव्हा ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेची बाजू राखणारे अधिकारी, अशी मंडळी अशी अंगावर आली की त्यांना पद सोडावं लागलं. आता याला हुकूमशहा म्हणायला जीभ रेटत नाही.

इ.स.पू. २०२ नंतर हे पद पडूनच होतं. ८२ मध्ये सुल्ला या सेनापतीने ते मुदतीचं बंधन न ठेवता घेतलं, ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला, त्याचा खून झाल्यावर त्याचा साथीदार अँटनी याने कायदा करून पदच मोडीत काढलं. शब्दाला आज जो वास येतो तो सुल्ला आणि सीझर या दोघांचा, आणि त्याहून जास्त विसाव्या शतकाचा. तोही लगेच आला नव्हता. १९३० च्या कायदेभंगात एक पुढारी पकडला गेला की काँग्रेस पुढचा 'डिक्टेटर' नेमायची, आणि पोलीस त्यालाही उचलायचे. सत्याग्रहींना त्या शब्दाचा संकोच वाटत नव्हता, आणि त्यांचा तो वापर रोमन अर्थाच्या बराच जवळचा होता.

मग मराठीत काय लिहायचं? 'सर्वाधिकारी' चालण्यासारखा आहे, निदान त्यात शहा नाही. पण खिळेवाल्याची गत पाहिली की 'सर्व' जरा जास्तच वाटतं. 'आणीबाणी अधिकारी' म्हटलं तर कलेक्टर कचेरीत टेबल मांडून बसलेला कोणीतरी डोळ्यांपुढे येतो. मी 'डिक्टेटर'च लिहीन. कॉन्सल, ट्रिब्यून आपण जसेच्या तसे घेतो. रोमच्या सिनेटला विद्यापीठातली 'अधिसभा' कोणी म्हणत नाही. शब्द पहिल्यांदा येईल तिथे 'ठरावीक कामासाठी, फार तर सहा महिने नेमलेला विशेषाधिकारी' एवढी फोड करावी, की पुढे अडत नाही.

सीझरपाशी आल्यावर मात्र जपून. 'सीझर तहहयात डिक्टेटर झाला' यात त्याचं पद सांगितलं आहे. 'सीझर हुकूमशहा झाला' हे त्याच्याविषयीचं मत आहे. मला ते मान्य आहे, पण उत्तरपत्रिकेत लिहायचं तर पाठोपाठ कारणंही द्यावी लागतील.