मागची नोकरी पेन्शनला जोडताना

सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून या पानाकडे आलेल्या बहुतेक पत्रांत यावेळी एकच विचारणा आहे: आधी केलेल्या नोकरीची वर्षे आताच्या पेन्शनमध्ये धरली जातील का? त्यांपैकी चार पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : २००१ मध्ये राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक म्हणून लागलो. २००७ मध्ये तिथला राजीनामा देऊन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात रुजू झालो. आता पगारातून एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) कापला जातो. पैसे भरून आधीची सहा वर्षे विकत घेता येतात असे ऑफिसात ऐकले. किती भरावे लागतील? (रेल्वे लाइन्स, सोलापूर)

उत्तर : पैसे भरून हे काम होत नाही. सेवा विकत घेण्याची पद्धत अमेरिकेतील राज्यांच्या पेन्शन निधींत आहे. कॅलिफोर्नियाच्या कॅलपर्स निधीत तर न केलेल्या नोकरीचीही पाच वर्षांपर्यंत खरेदी करता येत असे; २०१३ पासून ती बंद झाली. आपल्याकडे मागची सेवा जोडली जाते ती कागदांच्या जोरावर. पैसे परत करण्याचा प्रश्न येतो तो आधीच्या नोकरीची ग्रॅच्युइटी किंवा मालकाच्या हिश्शाचा सीपीएफ (अंशदायी भविष्य निर्वाह निधी) उचलला असेल तर.

तुमच्या बाबतीत सगळे ‘तांत्रिक राजीनामा’ या दोन शब्दांवर अडले आहे. साधा राजीनामा मंजूर झाला की आधीची सेवा बुडते. मात्र दुसऱ्या सरकारी नोकरीसाठी योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयप्रमुखांमार्फत अर्ज केला असेल आणि त्या नोकरीवर रुजू होण्यासाठीच राजीनामा दिला असेल, तर तो तांत्रिक ठरतो आणि सेवा अखंड राहते. म्हणून जुने कागद बाहेर काढा: अर्ज पुढे पाठवल्याचे पत्र किंवा ना हरकत, राजीनाम्याची प्रत, तो मंजूर केल्याचा आदेश आणि कार्यमुक्तीचा आदेश. ‘रेल्वेत नियुक्ती झाल्याने कार्यमुक्त करण्यात येत आहे’ असे वाक्य कार्यमुक्तीच्या आदेशात असेल, तर तो कागद जिवापाड जपा. राजीनाम्यात ‘घरगुती कारणामुळे’ लिहिले असेल, तर मात्र पुढची वाट अवघड आहे. लवकर सुटका व्हावी म्हणून पुष्कळजण तसे लिहून देतात, आणि त्याचा फटका वीस वर्षांनी बसतो.

रेल्वेचा अर्ज तुम्ही राज्याच्या नोकरीत लागण्याआधीच केला असेल, तर तो कार्यालयामार्फत जाणे शक्यच नव्हते. केंद्राच्या सूचनांत याचा विचार आहे. त्यासाठी राज्याच्या नोकरीत रुजू होताच त्या अर्जाची माहिती दिलेली असावी, आणि नव्या नेमणुकीसाठी सोडावे अशी स्पष्ट विनंती राजीनाम्यात असावी.

यानंतर दोन नोकऱ्यांमधला खंड बघा. गाव बदलले असेल आणि अंतर १,००० किलोमीटरपर्यंत असेल, तर रुजू होण्यासाठी १० दिवसांचा पदग्रहण अवधी मिळतो. त्याहून जास्त दिवस गेले असतील, तर ते शिल्लक रजेतून भरून निघालेले असावेत, नाहीतर खंड क्षमापित केल्याचा आदेश हवा.

आता फायदा काय, ते नीट समजून घ्या. केंद्राच्या जुन्या पेन्शनमध्ये १० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की निवृत्तीच्या वयाला शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन मिळते. पुढे वर्षे वाढली म्हणून टक्का वाढत नाही. सहा वर्षे जोडल्याने वाढते ती ग्रॅच्युइटी. दर पूर्ण सहामाहीला मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे सहा वर्षांच्या १२ सहामाहींचे तीन महिन्यांचे वेतन. कमाल मर्यादा साडेसोळा पट. तेवढेच मिळणार असते तर एवढ्या धावपळीचा आग्रह आम्ही धरला नसता. पण केंद्राच्या नोकरीत जुन्या पेन्शनऐवजी एनपीएस लागू झाली ती १ जानेवारी २००४ पासून, आणि तुम्ही राज्याच्या पेन्शनपात्र सेवेत त्याच्या आधी आलात. तांत्रिक राजीनामा सिद्ध झाला तर एनपीएसऐवजी जुन्या पेन्शनवर तुमचा हक्क सांगता येतो. मग एनपीएसमधली तुमची वर्गणी जीपीएफमध्ये (सरकारी नोकरांच्या भविष्य निर्वाह निधीत) जाते आणि सरकारचा हिस्सा सरकारला परत जातो. लढायचे ते यासाठी.

अर्ज विभागीय कार्यालयाच्या कार्मिक शाखेकडे द्या आणि पोचेवर आवक क्रमांक घ्या. जुन्या कार्यालयाकडून पडताळणी झालेले सेवापुस्तक किंवा सेवा प्रमाणपत्र रेल्वेकडे आले आहे का, हेही लेखी विचारा. फाइल बहुधा इथेच अडते: सेवापुस्तकात एखाद्या वर्षाची ‘सेवा पडताळली’ ही नोंदच नसते. तेव्हाची वेतनदेयके जुन्या कार्यालयात सापडतात तोवर ती भरून घ्या.

प्रश्न : सैन्यातून १५ वर्षांनी पेन्शनवर आलो आणि २००३ मध्ये टपाल खात्यात लागलो. लष्करी सेवा जोडायची राहून गेली. आता जोडता येईल का? (अक्कलकोट)

उत्तर : नेमणुकीच्या आदेशापासून तीन महिन्यांत विकल्प द्यायचा होता. तो दिला नाही, तर ‘लष्करी पेन्शन चालू ठेवली’ असेच नियम धरतो. हळहळू नका. सेवा जोडायची तर लष्करी पेन्शन बंद होऊन घेतलेली ग्रॅच्युइटी जास्तीत जास्त ३६ मासिक हप्त्यांत परत करावी लागली असती, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत सेवा जोडली गेली नसती. टपाल खात्यातली तुमची सेवा १० वर्षांच्या पुढे गेलीच आहे. तिची पूर्ण पेन्शन आणि लष्कराची वेगळी पेन्शन, हेच तुमच्या घराला जास्त पोसणारे आहे.

प्रश्न : रेल्वेत आहे आणि एनपीएसमधून यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) निवडली. पूर्वी मुलीच्या लग्नासाठी एनपीएसमधून रक्कम काढली होती. पेन्शन कमी होईल का? (कुर्डुवाडी)

उत्तर : होईल, पण हा खड्डा बुजवता येतो. पैसे भरून सेवेची किंमत पूर्ण करण्याच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद आपल्याकडे हीच आहे. यूपीएसमध्ये तुमच्या प्रत्यक्ष निधीची तुलना बेंचमार्क निधीशी होते. वर्गणी न चुकता जमा झाली असती आणि मधे काही काढले नसते, तर जेवढी रक्कम झाली असती तो बेंचमार्क निधी.

शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचा निम्मा घ्या. त्याला सेवेचे महिने (जास्तीत जास्त ३००) भागिले ३०० याने गुणा, आणि मग प्रत्यक्ष निधी भागिले बेंचमार्क निधी याने गुणा. सरासरी वेतन ६०,००० रुपये, सेवा २५ वर्षे, बेंचमार्क ५० लाख आणि प्रत्यक्षात ४० लाख असतील, तर ३०,००० ऐवजी २४,००० रुपये मिळतील, आणि महागाई सवलतही त्या कमी रकमेवरच. फरकाची रक्कम स्वतः भरून निधी बेंचमार्कला आणण्याची मुभा आहे. निवृत्तीला एकरकमी पैसे घेतल्यावरही याच प्रमाणात कपात होते, म्हणून दोन्हींचा हिशेब एकत्र करा. कधी बिनपगारी रजेमुळे, कधी आहरण (पगार काढणाऱ्या) कार्यालयाच्या चुकीमुळे एखाद्या महिन्याची वर्गणी जमा झालेली नसते; प्रान (एनपीएसच्या कायम क्रमांकाच्या) खात्याचे विवरण महिन्यागणिक तपासा.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादर कारखान्यात सहा वर्षे काम केले. सोडल्यावर पीएफ काढून घेतला. २०१६ पासून एसटीत आहे, २०२७ ला ५८ पूर्ण होतील. ती सहा वर्षे पैसे परत भरून जोडता येतील का? (जुळे सोलापूर)

उत्तर : पेन्शनचे पैसे उचलले असतील तर नाही. पण आधी एक गोष्ट तपासा. पीएफसाठी फॉर्म १९ लागतो आणि पेन्शनच्या रकमेसाठी फॉर्म १०-सी. एजंटाने फक्त १९ भरला असेल, तर पेन्शनची सहा वर्षे अजून जिवंत आहेत. जुन्या खात्याच्या पासबुकात पेन्शन दावा निकाली निघाल्याची नोंद आहे का ते बघा. नसेल तर जुनी सेवा चालू खात्याशी जोडण्यासाठी फॉर्म १३ भरा. एसटीचा पीएफ वेगळ्या ट्रस्टकडे असला तरी पेन्शन ईपीएफओकडेच (केंद्राच्या भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे) असते. जुन्या सेवेचा तपशील अ‍ॅनेक्शर-के या कागदावर येतो. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख बरोबर आहे ना ते पाहा. कारखान्याने सोडल्याची तारीखच भरली नसेल, तर सगळे तिथे थांबते.

फरक किती, तर १५,००० रुपये (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या वेतनाची मर्यादा) गुणिले वर्षे भागिले ७०. फक्त ११ वर्षांचे सुमारे २,३५७ रुपये, १७ वर्षांचे सुमारे ३,६४३, दरमहा आणि आयुष्यभर. तुमच्याबरोबर कारखाना सोडलेल्या आणि अजून दावा न केलेल्या कामगारांना हे आवर्जून सांगा: दुसरीकडे पीएफ असलेली नोकरी मिळण्याची आशा असेल, तर फॉर्म १०-सीवर पैसे न मागता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनची सेवा जपून ठेवणारा दाखला, मागा.